ऑनलाइन पोकर बंद झालं, आता फँटसी क्रिकेटमधून नियमित कमाई होऊ शकते काय?

नदीकाठ_दर्यापूर

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो. शेती कोरडवाहू, कापूस आणि तूर. सोबत ऑनलाइन पोकर चालू होतं: ५/१० ब्लाइंड (पत्ते पाहायच्या आधी सक्तीनं लावायचे ५ आणि १० रुपये, मोठा तो बिग ब्लाइंड), सहा जणांचं टेबल, एका वेळी चार टेबलं. लाखभर हातांच्या (हात म्हणजे एक डाव) नोंदीत दर शंभर हातांमागे ४ बिग ब्लाइंड असा नफा दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते सगळं बंद झालं.

आता दोन-तीन जण म्हणून राहिले का पोकरवाल्याचं डोकं फँटसीत (खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून टीम लावायची, त्यांच्या कामगिरीवर गुण) सरळ चालते, बँकरोल (खेळायला बाजूला ठेवलेला पैसा) सांभाळता येते, टिल्ट (हरल्यावर चिडून खेळणं) होत नाही, फक्त खेळ बदलायचा. मला नेमकं हे विचारायचं आहे:

पोकरमधलं काय तिथं कामी येते आणि काय येत नाही? कंपनीचा कट जाऊन हातात काही उरते काय? टेलिग्रामवर एका बाहेरदेशी ॲपची लिंक फिरून राहिली, तिथं पैशाच्या स्पर्धा अजून चालू आहेत म्हणतात, ते कितपत बरोबर? बाजूला ४० हजार आहेत, कापसाच्या चुकाऱ्यातले. आणि पोकरच्या जुन्या नफ्यावर कर कसा लागते, तेही सांगा.

करवही_पुसद

भाऊ, कायद्याचं आधी सांगतो, कारण त्यानं तुमचा अर्धा प्रश्नच बदलते.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५ लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ऑगस्टला मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. ज्या कायद्यानं तुमचं पोकर बंद झालं, त्याच कायद्यानं पैशाचं फँटसीही बंद झालं. ड्रीम११ सकट मोठ्या कंपन्यांनी पैशाच्या स्पर्धा त्याच आठवड्यात थांबवल्या. आधी वाद कौशल्य की नशीब असा होता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये फँटसीला कौशल्याचा खेळ मानलं होतं. नव्या कायद्यानं तो भेदच काढून टाकला. फी किंवा डिपॉझिट भरून पैसे जिंकायच्या आशेनं खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा, चालवता येत नाही. ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) वेगळे काढले आहेत, पण फँटसी त्यात बसत नाही. या कायद्याविरुद्धच्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःकडे घेतल्या.

शिक्षा अशी: असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. पैशाची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही तीन वर्षं आणि एक कोटीपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पण कमिशन घेऊन लिंक पुढे पाठवणारा किंवा स्वतःच्या खात्यावर चार जणांचे पैसे गोळा करणारा ‘नुसता खेळणारा’ राहत नाही. टेलिग्रामवाल्या लिंकमध्ये ‘मित्र जोडा, कमिशन मिळवा’ असं असते ते याच्याचसाठी पाहून घ्या.

कराचं खाली वेगळं लिहितो.

हिशेबवाला_आर्वी

दार बंद असल्याचं करवहींनी दाखवलं आहेच. तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात हवं, कारण उद्या न्यायालयात काही बदललं तरी हे आकडे तसेच राहणार.

पोकरमध्ये रेक (कंपनीचा कट) पॉटच्या (टेबलावर जमलेल्या पैशाच्या) ५ टक्क्यांच्या आसपास, त्यालाही वरची मर्यादा, आणि फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) न येता हात संपला तर बहुधा काहीच कापत नाहीत. फँटसीत कट प्रत्येक एंट्रीवर, आधीच. तो ॲप सांगत नाही, स्वतः काढावा लागतो: एंट्री फी गुणिले जागा, त्यातून एकूण बक्षीस वजा. समजा ५० रुपयांच्या १०,००० जागा आणि बक्षिसं मिळून ४ लाख. गोळा झाले ५ लाख, म्हणजे कट २० टक्के. दोघांच्या स्पर्धेत १०० लावून जिंकणाऱ्याला १८० मिळत असतील तर कट १० टक्के, १७० मिळत असतील तर १५.

आता बरोबरीला यायला किती सामने जिंकावे लागतात ते पाहा. १८० मिळत असतील तर १०० भागिले १८०, म्हणजे ५५.६ टक्के. १७० असतील तर ५८.८ टक्के. समजा तुम्ही खरोखर चांगले आहात आणि १०० पैकी ६० सामने जिंकता. १५ टक्के कट असताना तुमचा नफा लावलेल्या पैशाच्या फक्त २ टक्के. १० टक्के कट असेल तर ८. एवढाच सगळा खेळ.

त्यात २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून डिपॉझिटच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. बँकेतून १०० गेले की खेळायला ७८.१३ उरायचे. दोघांचे मिळून १५६.२५, त्यातून १५ टक्के कट जाऊन बक्षीस १३२.८१. म्हणजे खिशातल्या ताज्या पैशावर बरोबरीला यायला ७५ टक्के सामने जिंकायला हवेत. जिंकलेला पैसा पुन्हा लावला तर त्यावर हा कर नव्हता, आणि बऱ्याच कंपन्या तेवढे बोनस पॉइंट देऊन भार स्वतःवर घेत होत्या, म्हणून खेळणाऱ्याला तो दिसला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. म्हणजे १०० चे ७१.४३.

यापेक्षा मोठी अडचण नमुन्याची आहे, आणि पोकरवाले नेमके इथंच फसतात. तुमच्या लाखभर हातांत शंभर-शंभरचे १,००० गठ्ठे झाले. सहा जणांच्या टेबलावर प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती इकडेतिकडे होतात ते) शंभर हातांना ९० बिग ब्लाइंड धरलं, तर १,००० गठ्ठ्यांवर चूक साधारण २.८५. तुमचे ४ त्या चुकीच्या दीडपटीलाही पोचत नाहीत. म्हणजे लाख हात खेळूनही तुम्ही खरे जिंकणारे आहात हे पक्कं म्हणता येत नाही. आणि ४ खरे धरले तरी ५/१० वर शंभर हातांचे ४० रुपये, चार टेबलांवर तासाला ३०० हात, म्हणजे तासाला १२० रुपये.

आता फँटसी. आयपीएल २०२५ मध्ये ७४ सामने होते. ७४ सामन्यांवर जिंकण्याच्या टक्केवारीतली चूक ५.७ टक्के. खरा ६० टक्केवाला एका हंगामात ५४ ही दिसेल आणि ६६ ही. १० टक्के कटाच्या स्पर्धेत ६० आणि ५५.६ यातला फरक दोन विचलनांच्या खात्रीनं कळायला साधारण ४९० सामने लागतात. म्हणजे आयपीएलचे साडेसहा हंगाम.

‘मी एका सामन्यात २० जणांशी हेड टू हेड (दोघांची स्पर्धा) खेळीन, नमुना वाढेल’ असं कोणी म्हणेल. वाढत नाही. वीसही ठिकाणी टीम तुमचीच, कॅप्टन (ज्याचे गुण दुप्पट धरतात) शून्यावर गेला की वीसही स्पर्धा बहुतेक सोबतच जातात. पोकरमध्ये पुढचा हात मागच्या हाताला ओळखत नाही. इथं वीस एंट्र्या म्हणजे एकच मोठी एंट्री. म्हणून बँकरोलची टक्केवारी स्पर्धेवर न लावता सामन्यावर लावायची: एका सामन्यात सगळं मिळून २ ते ३ टक्के, त्यात मेगा (हजारो जागांच्या) स्पर्धेचा वाटा अर्धा टक्का. ४० हजारावर म्हणजे सामन्याला ८०० ते १,२००.

जामठा_एन्ड

खेळाच्या बाजूनं लिहितो.

पोकरमधलं सर्वांत मोठं हत्यार फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून देणं. वाईट पत्ते आले, एक ब्लाइंड गेला, विषय संपला. फँटसीत सामना सुरू झाला की टीमला कुलूप लागते. त्यानंतर तुमच्या हातात काहीच नाही, न बेट वाढवणं, न सोडणं. सगळं डोकं टॉसच्या आधी आणि टॉसनंतरच्या अर्ध्या तासात चालवायचं. समोरच्याचा चेहरा, त्याच्या बेटचा आकार, पोझिशन, यातलं काही उरत नाही. टेबल निवडण्याची सवय तेवढी कामी येते, ती स्पर्धा निवडायला: जागा किती, एका माणसाला किती टीम लावता येतात, बक्षीस वर गोळा झालं आहे की पसरलं आहे.

त्या अर्ध्या तासाचं मोल जामठ्याच्या (नागपूरचं मैदान) एका सामन्यात चांगलं दिसते. १५ मार्च २०१६, टी-२० विश्वचषक, भारत-न्यूझीलंड. टॉसच्या वेळी कळलं का न्यूझीलंडनं साउदी आणि बोल्ट दोघांनाही बाहेर बसवलं आणि तीन फिरकीवाले घेतले: सँटनर, सोधी, नॅथन मॅकलम. न्यूझीलंड ७ बाद १२६, भारत सर्वबाद ७९. दहापैकी नऊ बळी फिरकीला, सँटनरचे ११ धावांत ४. आदल्या रात्री टीम लावून झोपलेल्याचे बोल्ट-साउदी दोघंही शून्य.

अजून एक बारीक गोष्ट त्याच सामन्यात आहे. रोहित सँटनरच्या चेंडूवर यष्टीचीत, अश्विन सोधीच्या चेंडूवर यष्टीचीत, दोन्ही वेळा यष्टिरक्षक रॉंकी. म्हणजे खेळपट्टी फिरकीची आहे असं तुम्ही धरलं, तर फिरकीवाला आणि त्याच टीमचा यष्टिरक्षक एकत्र घ्यावेत, दोघांचे गुण सोबत वाढतात. आणि ज्या बॉलरला तुम्ही कॅप्टन केलं, त्याच्याच समोर पॉवरप्लेत उभा राहणारा सलामीवीर व्हाइस कॅप्टन करू नये, एकाची कमाई दुसऱ्याला कापते. हेड टू हेडमध्ये हे थोडंफार चालून जाते, मोठ्या स्पर्धेत चालत नाही, कारण तिथं वरचा एक टक्का गाठायचा असते.

गुणांचा अंदाज कसा बांधायचा ते एका खेळाडूवर दाखवतो. धावेला १, चौकाराला वर १, षटकाराला वर २, विकेटला २५, झेलाला ८ असा बरीच वर्षं चाललेला तक्ता धरा. (हंगामागणिक बदलतो, आधी तो वाचा.) समजा सलामीवीर सरासरी २४ चेंडू खेळेल, स्ट्राइक रेट १४०. धावा ३३.६. त्यात साडेतीन चौकार आणि १.२ षटकार धरले तर ५.९ गुण. झेलाची शक्यता ०.४, म्हणजे ३.२. एकूण ४३ च्या आसपास. हाच माणूस चौथ्या नंबरवर आला तर चेंडू २४ वरून १६ वर येतात आणि धावांचेच गुण २२.४ होतात. फॉर्म, नाव, मागच्या सामन्यातलं शतक यापेक्षा किती चेंडू मिळणार हा आकडा मोठा. बॉलरचं तसंच: चार षटकं पक्की आहेत का, आणि त्यातली शेवटच्या चारमधली किती. १८ चेंडूंना एक विकेट घेणारा चार षटकांत १.३३ विकेट, म्हणजे ३३ गुण. दोनच षटकं मिळाली तर निम्मे.

कॅप्टनला दुप्पट, व्हाइसला दीडपट. बाकी नऊ जणांचं वजन ९, या दोघांचं ३.५, एकूण १२.५. म्हणजे टीमचा २८ टक्के भार दोन निवडींवर. वेळ त्यांच्यावर जास्त घालवायचा. मेगा स्पर्धेत ज्याला ८० टक्के लोकांनी कॅप्टन केलं, तो चालला तरी तुम्ही कोणाच्याच पुढे जात नाही. पुढे जायला त्याच्याऐवजी असा माणूस हवा, ज्याची खरी शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त आहे. नुसता वेगळा असून भागत नाही.

गावाकडची अडचण वेगळी. हा अर्धा तास संध्याकाळी ७ ते ७.३० चा. लाइन गेली, टॉवरची बॅटरी बसली, प्लेइंग इलेव्हन उघडलंच नाही, तर सगळा अभ्यास वाया. बाहेर बसलेला एक खेळाडू टीममध्ये राहिला की त्या सामन्यापुरतं गणित संपलं.

हिशेबवाला_आर्वी

जामठांच्या लिखाणाला जोड. पोकरवाल्यांनी फँटसीकडे वळणं नवं नाही. अमेरिकेत १५ एप्रिल २०११ ला पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट या पोकर साइटवर सरकारी कारवाई झाली आणि तिथले बरेच व्यावसायिक खेळाडू फॅनड्युएल, पुढे ड्राफ्टकिंग्ज या फँटसीच्या साइटवर गेले. मॅकिन्सी या सल्लागार कंपनीनं २०१५ च्या बेसबॉल हंगामाच्या पहिल्या भागाचा हिशेब काढला तेव्हा फँटसी खेळणाऱ्यांच्या एकूण नफ्यापैकी ९१ टक्के नफा १.३ टक्के लोकांकडे गेलेला निघाला. ते लोक प्रोग्रॅम चालवून शेकड्यानं टीम बदलायचे, आणि खालच्या फीच्या स्पर्धांतही यायचे. पोकरच्या लहान टेबलावर मोठा खेळाडू सहसा येत नाही, त्याचा वेळ वाया जाते. फँटसीत त्याला वेळ लागत नाही, एकच फाइल सगळ्या स्पर्धांत चढते. लहान स्टेकवर सोपे प्रतिस्पर्धी मिळतील हा पोकरचा अनुभव म्हणून इथं लागू पडत नाही.

नदीकाठ_दर्यापूर

फार खोलात सांगितलं, आभार. टेलिग्रामवालं एकदा स्पष्ट सांगा. तिथं ५०० भरले तर लगेच ६०० काढता आले असं एकानं दाखवलं. आणि गोव्यात जाऊन पोकर खेळलं तर?

करवही_पुसद

पहिले ५०० चे ६०० परत देणं हा त्यांचा नेहमीचा डाव आहे. पुढे रक्कम मोठी झाली की काढताना ‘आधी ३० टक्के टॅक्स भरा’, ‘खातं पडताळणीचे पैसे भरा’ असा निरोप येतो. लक्षात ठेवा, टीडीएस (आधीच कापायचा कर) रकमेतून कापला जातो, कोणी तो वेगळा भरायला लावत नाही. असा निरोप आला का तिथंच थांबा.

दुसरी खूण पैसे कुठं जातात यात आहे. यूपीआयवर कंपनीचं नाव न येता दर वेळी वेगळ्या माणसाचं नाव येते. ती भाड्यानं घेतलेली खाती असतात. पैसे परत येतात तेही अशाच खात्यांतून, आणि त्या खात्यावर कुठं तक्रार असली तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक तुमच्या खात्यातली रक्कम गोठवू शकते. त्याच खात्यात कापसाचा चुकारा, पीकविमा, अनुदान येत असेल तर तेही अडकते. पैसे भरून बसले असाल आणि काढता येत नसतील तर १९३० वर लगेच फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर नंबर, समोरचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत ठेवा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसा वाटेतच थांबण्याची शक्यता जास्त. आणि ‘फिक्स टीम’ विकणाऱ्या ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांना एक कॅप्टन आणि अर्ध्यांना दुसरा पाठवतात. ज्यांची जुळली ते स्क्रीनशॉट टाकतात, बाकीच्यांना काढून टाकतात.

आता कर. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ऑनलाइन खेळाच्या निव्वळ जिंकीवर कलम ११५बीबीजे खाली सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, पण तुमचं खेळणं २०२५-२६ मध्येच थांबलं, म्हणून हेच कलम लागू. एका ॲपवरची निव्वळ जिंकी काढायची रीत: वर्षभरात काढलेली रक्कम अधिक वर्षाअखेरची शिल्लक, त्यातून वर्षात भरलेलं डिपॉझिट आणि वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक वजा. उदाहरण: काढले ९०,०००, शेवटी शिल्लक ५,०००, भरले ५०,०००, सुरुवातीला ८,०००. ९५,००० वजा ५८,००० बरोबर ३७,०००. कर ११,५४४. इंटरनेटचा, लॅपटॉपचा, सॉफ्टवेअरचा खर्च यातून वजा होत नाही. तोटा असेल तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वळता होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

रिटर्न आयटीआर-१ मध्ये भरू नका, त्यात ही जिंकी बसत नाही. धंद्याचं उत्पन्न नसेल तर आयटीआर-२. आधी एआयएस आणि २६एएस (आयकर खात्याच्या साइटवरचे तुमच्या उत्पन्नाचे आणि कापलेल्या कराचे तक्ते) उतरवून घ्या. कंपनीनं १९४बीए खाली कापलेला टीडीएस त्यात दिसतो, आणि तिथं दिसणारी जिंकी रिटर्नमध्ये नसेल तर नोटीस येते. ॲप बंद झालं असलं तरी जुना हिशेब ईमेलवर मागून ठेवा.

जामठा_एन्ड

गोव्याचं: तिथले कॅसिनो गोव्याच्या कायद्याखाली परवान्यावर चालतात, हा केंद्राचा कायदा ऑनलाइनचा आहे, म्हणून तिथलं पोकर चालू आहे. पण प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५-३० हात. ऑनलाइन तुम्ही तासाला ३०० खेळत होता. लाख हातांना ३,३०० तासांच्या वर लागतील, आणि तिथं सर्वांत लहान टेबलही तुमच्या ५/१० पेक्षा कितीतरी मोठं. ४० हजार त्या टेबलाला पुरत नाहीत.

हिशेबवाला_आर्वी

४० हजाराबद्दल एक सांगायचं राहिलं. आयपीएल मार्चअखेरीस सुरू होते आणि मे संपता संपता, कधी जूनच्या पहिल्या आठवड्यात, संपते. नेमकं तेव्हाच सरकी आणि खताचे पैसे काढावे लागतात. म्हणजे बँकरोल सर्वांत खाली असायची शक्यता ज्या महिन्यात, त्याच महिन्यात तो पैसा शेताला हवा. पोकरमध्ये वाईट काळ आला तर खालच्या ब्लाइंडवर उतरून वर्षभर खेळता येत होतं, इथं हंगामच संपते. तो पैसा यातून पूर्ण वेगळा ठेवा.

डोकं चालवायचंच असेल तर फुकटच्या स्पर्धा आहेत, त्यात डिपॉझिट लागत नाही. एक शीट बनवा: सामना, मैदान, टॉस कोणी जिंकला, खेळाडू, फलंदाजीचा नंबर, धरलेले चेंडू, मिळालेले चेंडू, धरलेली षटकं, मिळालेली षटकं, धरलेले गुण, मिळालेले गुण. धरलेला आकडा टॉसनंतर बदलू नका, टॉसनंतरचा वेगळ्या रकान्यात लिहा, म्हणजे त्या अर्ध्या तासानं तुमचा अंदाज किती सुधारला ते कळेल. हंगामाअखेर नंबरवार सरासरी चूक काढा. बहुतेकांची चूक पाचव्या-सहाव्या नंबरवर निघते, तिथं चेंडू नेहमी जास्त धरले जातात.

रणजीचीही अशीच शीट करता येते. विदर्भ २०२४-२५ चा विजेता आहे, हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ विकेट घेऊन विक्रम केला, आणि त्या स्पर्धेचा बारकाईनं अभ्यास करणारे कमी. राज्य संघटना वेळोवेळी स्कोअररची परीक्षा घेतात. ज्याला अशी शीट नीट ठेवता येते त्याला ती जड जाऊ नये, आणि सामन्यामागे मानधन मिळते.

नदीकाठ_दर्यापूर

कळलं. लिंक काढून टाकली, ग्रुपमधूनही निघालो. पोकरच्या दोन ॲपपैकी एकावर ३७० रुपये शिल्लक दाखवून राहिले, ते काढू का तसेच राहू देऊ?

करवही_पुसद

काढून घ्या, तुमचेच आहेत. बंदीनंतर मोठ्या कंपन्यांनी शिल्लक काढायची सोय चालू ठेवली होती. त्याच ॲपमधून किंवा कंपनीच्या नोंदलेल्या ईमेलवरूनच मागा, गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअर नंबरवर फोन करू नका. बोनस पॉइंट निघत नाहीत, फक्त डिपॉझिट आणि जिंकलेली रक्कम निघते. केवायसी अर्धवट असेल तर पॅन आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे, वडिलांचं नाव एका ठिकाणी असून दुसऱ्या ठिकाणी नसलं तरी पैसे अडकतात.